लोकसुखाचे मोजमाप आणि मुंबईची उपनगरे

शासनाच्या कोणत्याही योजनेच्या प्रास्ताविकात ‘लोककल्याण’ हा शब्द हटकून आढळतो. तो इतका सरावाचा झाला आहे की, त्याचा नेमका अर्थ काय, हे विचारण्याचे भान सहसा कोणास राहत नाही. कल्याण म्हणजे सुख की हित? ते कोणाचे? आणि ते साधले किंवा साधले नाही, हे ठरवावयाचे कोणी व कशावरून? या प्रश्नांना बगल देऊन आखलेली योजना कागदावर कितीही सुबक दिसली, तरी प्रत्यक्ष माणसांच्या घरात शिरल्यावर तिचे काय होते, हे पाहावयाचे असल्यास मुंबईच्या उपनगरांइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुर्ला, मानखुर्द या भागांत गेल्या पाऊणशे वर्षांत लोकसुखाच्या नावाने जे जे घडविण्यात आले, त्याची चिकित्सा करण्यापूर्वी ज्या तत्त्वाच्या आधारे ते घडविण्यात आले, त्या तत्त्वाचीच चिकित्सा करणे इष्ट ठरेल.

मराठीत ही चिकित्सा प्रथम पद्धतशीरपणे केली ती लोकमान्य टिळकांनी. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’चे चौथे प्रकरण आधिभौतिक सुखवादाच्या, व पाचवे प्रकरण सुखदुःखविवेकाच्या विवेचनास वाहिलेले आहे. बेंथॅमने १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडलेले आणि मिल्लने पुढे परिष्कृत केलेले, अधिकांत अधिक लोकांच्या अधिकांत अधिक सुखाचे तत्त्व टिळकांनी तेथे कसोटीस लावले आहे. त्यांचे आक्षेप अनेक असले, तरी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दोन विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला संख्येसंबंधीचा. पांडवांचे सैन्य सात अक्षौहिणी व कौरवांचे अकरा. तेव्हा केवळ डोकी मोजून न्याय ठरवावयाचा, तर कौरवांचा पक्षच न्याय्य ठरेल. दुसरा आक्षेप कर्त्याच्या बुद्धीसंबंधीचा आहे. तो विशद करण्यासाठी टिळकांनी घेतलेले उदाहरण महाभारतातील नसून अमेरिकेतील आहे, आणि तेही एका शहराच्या वाहतुकीचे. तेथील एका मोठ्या शहरात ट्राम सुरू झाल्याने लोकांची मोठी सोय होणार होती. पण सरकारी मंजुरीस विलंब होत होता. तेव्हा कंपनीच्या व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच देऊन ती लवकर मिळविली. ट्राम धावू लागली, लोक सुखी झाले. पुढे प्रकरण उघडकीस येऊन खटला झाला. पहिल्या ज्यूरीचे एकमत होईना, दुसऱ्या ज्यूरीने मात्र व्यवस्थापकास दोषी ठरविले. अधिकांचे अधिक सुख हीच नीतीची कसोटी असेल, तर हा मनुष्य दोषी का, असा टिळकांचा प्रश्न आहे.

टिळकांनी या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते कर्त्याच्या शुद्ध व सम बुद्धीचे. व्यक्तीच्या आचरणाचा विचार करताना ते उत्तर भक्कम आहे. परंतु कायदेमंडळ, महानगरपालिका अथवा एखादे प्राधिकरण यांना बुद्धी नसते. त्यांच्याकडे नियमावली, नकाशे व ठराव असतात. अधिकाऱ्यांची अंतःकरणे शुद्ध असूनही एखाद्या नियमाने हजारो माणसे अंधारात लोटली जाऊ शकतात. बेंथॅमचे लेखनही मुख्यतः कायदे करणाऱ्यास उद्देशून होते, साधकास उद्देशून नव्हते, ही गोष्ट ‘गीतारहस्या’तील विवेचनात काहीशी मागे पडली आहे. म्हणूनच टिळकांचा दुसरा आक्षेप सार्वजनिक धोरणाच्या क्षेत्रात जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. पहिला मात्र पुरेपूर उपयोगी पडतो. एकूण सुखाची बेरीज वाढली, एवढ्याने ज्यांच्या वाट्याला दुःख आले त्यांचा हिशेब पुरा होत नाही. ट्रामच्या उदाहरणात आणखी एक पैलू दडलेला आहे, ज्याकडे टिळकांनाही वळण्याचे कारण पडले नाही. तो असा की, रूळ टाकण्यासाठी ज्यांची घरे पाडावी लागतात, ती माणसे या कथेत कोठेच येत नाहीत. मुंबईच्या उपनगरांत ती आली.

आगरकरांच्या सुधारणावादावर मिल्ल व स्पेन्सर यांची छाप होती, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्याही आधी महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या पुस्तकात कुणब्याच्या घरादाराचे, अन्नाचे व वस्त्राचे जे प्रत्यक्ष वर्णन केले, त्यात कल्याणाच्या मोजमापाची एक वेगळीच रीत दिसते. ही रीत सरासरी काढण्याची नव्हे, घरात जाऊन पाहण्याची आहे. सरकारी अहवालांच्या परंपरेत ती रीत रुजली नाही, हे दुर्दैव म्हटले पाहिजे.

गेल्या काही दशकांत सुखाचे मोजमाप हा जगभर प्रतिष्ठेचा विषय झाला आहे. भूतानने सकल राष्ट्रीय सुखाची कल्पना पुढे आणली आणि २००८ च्या आपल्या राज्यघटनेत तिला स्थान दिले. २००९ मध्ये फ्रान्समध्ये स्टिग्लिट्झ, सेन व फितुसी यांच्या आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यावरून लोकांची स्थिती ओळखता येत नाही, असा निर्वाळा दिला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०११ मध्ये सुखविषयक ठराव केला, व पुढील वर्षी २० मार्च हा सुखदिन म्हणून मुक्रर केला. न्यूझीलंडने २०१९ मध्ये आपला अर्थसंकल्पच कल्याणाच्या नावाने मांडला. आपल्या शेजारच्या मध्यप्रदेशात २०१६ मध्ये स्वतंत्र आनंद विभागच स्थापन करण्यात आला. आनंदाचे खाते काढून आनंद वाढतो की केवळ खाते वाढते, हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवू. यांतील गंभीर प्रयत्नांमागची प्रेरणा निःसंशय चांगली आहे. परंतु राष्ट्राची सरासरी काढणाऱ्या निर्देशांकास शहराची गल्ली दिसत नाही. आणि शहराची सरासरी काढणाऱ्यास इमारतीचा तळमजला दिसत नाही.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे केंद्र शासनाच्या गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाचा ‘सुगम जीवन’ निर्देशांक. २०१८ साली जाहीर झालेल्या त्याच्या पहिल्या यादीत १११ शहरांत पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी आणि बृहन्मुंबई तिसरी आली. १०० गुणांपैकी ४५ भौतिक सुविधांना, संस्थात्मक व सामाजिक अंगांना प्रत्येकी २५, आणि आर्थिक अंगास अवघे ५, अशी त्याची गुणविभागणी होती. येथे जगणे सुगम वाटते की नाही, हे नागरिकांना मात्र विचारलेलेच नव्हते. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या पुढील यादीत ही उणीव दूर करण्यात आली. नागरिकांच्या मतास ३० टक्के भार देण्यात आला, व इतर घटकांचीही फेरमांडणी झाली. या यादीत दहा लाखांवरील वस्तीच्या शहरांत बृहन्मुंबई दहावी आली. तिसऱ्या क्रमांकाची नगरी अडीच-तीन वर्षांत एवढी घसरली, असे म्हणावयाचे की मोजपट्टी बदलली म्हणून माप बदलले, असे म्हणावयाचे? दुसरे उत्तर अधिक सयुक्तिक आहे. परंतु ते मान्य केल्यास पहिल्या क्रमांकाचा जो डांगोरा पिटला गेला, तो कशाचा होता, याचेही उत्तर द्यावे लागते. शिवाय दोन्ही यादींत कुलाबा आणि गोवंडी ही एकाच गुणपत्रिकेवर आहेत. महानगरपालिकेने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने तयार केलेला मुंबईचा मानवी विकास अहवाल (२००९) या बाबतीत कितीतरी प्रामाणिक होता. त्यात प्रभागवार तुलना असून, गोवंडी–मानखुर्दचा एम-पूर्व विभाग सर्वांत तळाशी असल्याचे स्वच्छ नमूद केले आहे. त्या विभागाचे पुढे काय झाले, ते लवकरच दिसेल.

उपनगरे ही मूळची मुंबई नव्हे. साष्टीतील ही गावे ठाणे जिल्ह्यात होती. १९२० मध्ये त्यांचा स्वतंत्र उपनगर जिल्हा करण्यात आला. १९२५ मध्ये बोरीबंदर ते कुर्ला आणि १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेची गाडी आली, आणि नोकरदार मध्यमवर्गाने उत्तरेकडे बिऱ्हाडे हलविली. मोडक आणि मेयर यांनी १९४८ साली बृहन्मुंबईच्या बृहद्आराखड्याची रूपरेषा सादर केली, तेव्हा शहराची वाढ उपनगरांत व खाडीपलीकडे नियोजनपूर्वक वळवावी, असा तिचा रोख होता. महानगरपालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी–भांडुपपर्यंत व १९५७ मध्ये दहिसर–मुलुंडपर्यंत गेली. पुढे १९६७ ची पहिली मंजूर विकास योजना, नव्वदच्या दशकातील दुसरी आणि २०१८ मध्ये अमलात आलेली २०३४ पर्यंतची तिसरी. आराखडे आले, त्यांवर हरकती आल्या, मुदती संपल्या. माणसे मात्र येतच राहिली. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची वस्ती ३० लाख ८५ हजार, तर उपनगर जिल्ह्याची ९३ लाख ५७ हजार भरली. आधीच्या दशकाच्या तुलनेत शहराची वस्ती घटली होती आणि उपनगरांची सात लाखांनी वाढली होती. म्हणजे मुंबईच्या सुखाचा विचार हा आता मुख्यतः उपनगरांच्याच सुखाचा विचार आहे.

या वस्तीसाठी शासनाने जी पहिली घरे बांधली, त्यांचे मूल्यमापन फारसे कोणी केलेले नाही. घाटकोपरचे पंतनगर, विक्रोळीची टागोरनगर व कन्नमवारनगर, कुर्ल्याचे नेहरूनगर, अंधेरीचे डी. एन. नगर, गोरेगावचे मोतीलालनगर या गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती होत. त्यांतील खोल्या लहान, बांधकाम साधे, आणि गळती तर नित्याचीच. त्या वसाहतींना आदर्श म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि त्यांच्या रचनेत एक गोष्ट गृहीत धरलेली होती: इमारत बुटकी असेल आणि दोन इमारतींच्या मध्ये मैदान असेल. त्या मैदानात गणपती बसला, कबड्डीचे सामने झाले, लग्नाचे मांडव पडले, म्हाताऱ्यांच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. हे सुख कोणत्याही आराखड्यात ‘सुख’ म्हणून लिहिलेले नव्हते. ते दोन इमारतींमधील अंतरातून आपोआप निपजले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकाच्या अखेरीस चाळ मागे टाकून ब्लॉककडे निघालेल्या संस्कृतीचे जे चिंतन आहे, त्याचाही विषय हाच आहे. खोलीबाहेरच्या सामाईक जागेचे मोल खोलीत गेल्यावर कळते. नियोजनकारांना मात्र ते अद्याप पुरते कळलेले दिसत नाही. आज याच वसाहतींच्या पुनर्विकासात ती मैदाने ‘न वापरलेले चटई क्षेत्र’ म्हणून मोजली जातात.

झोपडपट्टीविषयक धोरणाचा प्रवास अधिक नाट्यमय आहे. १९७१ च्या कायद्याने झोपडपट्ट्यांची सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास असे तिन्ही मार्ग खुले केले. १९८१ मध्ये मुंबईत पदपथांवरील व झोपड्यांतील रहिवाशांना हुसकावण्याची मोहीम निघाली, आणि ओल्गा टेलिस प्रकरणात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले. माणूस कामाच्या ठिकाणाजवळ राहतो, कारण तेथून हलविल्यास त्याचे कामच जाते, ही साधी गोष्ट न्यायालयाने ओळखली होती. हा निवाडा सुखाच्या तत्त्वज्ञानात गणला जात नाही. परंतु लोकांचे हित कशात असते, याविषयी त्यातील दृष्टी अनेक सुखनिर्देशांकांहून अधिक खोल आहे. (न्यायालयाने अखेर रहिवाशांना तेथेच राहू दिले नाही, नोटीस व काही पर्यायी जागा यांपुरतेच संरक्षण दिले, हेही विसरून चालणार नाही.)

१९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले आणि २२५ चौरस फुटांचे घर झोपडीधारकास मोफत देण्याची योजना आली. विकासकाने झोपडीधारकांना घरे बांधून द्यावीत, आणि त्या बदल्यात उरलेल्या जागेवर विक्रीची इमारत उभारावी, असे तिचे सूत्र आहे. क्षेत्रफळ २००८ मध्ये २६९ व नंतर ३०० चौरस फूट झाले. शासनास जवळजवळ खर्च न करता लाखो कुटुंबांना पक्की घरे देण्याची ही युक्ती कल्पक आहे, आणि ज्या कुटुंबांना तिच्यामुळे छप्पर, नळ व स्वतःचे शौचालय मिळाले, त्यांच्या सुखास कमी लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही. विशेषतः स्त्रियांच्या दृष्टीने घरातील शौचालय ही मोठीच क्रांती होय. सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत सकाळ घालविलेल्या कोणत्याही गृहिणीस हे समजावून सांगावे लागणार नाही. टीका करावयाची ती या योजनेच्या हेतूवर नव्हे, तिच्या अंकगणितावर.

हे अंकगणित तिच्या भाषेतच उमटलेले आहे. या धोरणात माणसाची पहिली ओळख ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ अशी असते. पात्रता ठरते ती गरजेवरून नव्हे, एका तारखेवरून: प्रथम १ जानेवारी १९९५, पुढे १ जानेवारी २०००. एकाच भिंतीच्या दोन बाजूंस राहणारी दोन कुटुंबे एका तारखेमुळे निराळ्या जातींची होतात. ‘संक्रमण शिबिर’ हा शब्द मूळचा तात्पुरत्या मुक्कामाचा. पण मुंबईत त्या शिबिरांत दुसरी पिढी वाढली आहे. ‘संमती’ हा शब्द लोकशाहीचा. तिचे प्रमाण ७० टक्के होते, ते ५१ टक्क्यांवर आणले गेले. अधिकांत अधिक लोकांचे सुख या तत्त्वाचा येथे अक्षरशः अंमल झाला आहे. एकावन्नांच्या सहीने एकोणपन्नासांचे घर हलते.

परंतु सर्वांत बोलका आकडा आहे तो घनतेचा. जगातील बहुतेक नियमावल्या एका हेक्टरात जास्तीत जास्त किती घरे असावीत, हे सांगतात, कारण गर्दीपासून माणसाचे रक्षण करणे हा त्यांचा हेतू असतो. पुनर्वसन योजनेच्या नियमाने मात्र किमान घनता ठरवून दिली: हेक्टरी ५०० घरे, व २०३४ च्या नियमावलीत ती ६५०. कमीत कमी इतकी गर्दी झालीच पाहिजे, असा हा दंडक आहे. विकासकाचे गणित सुटावे, म्हणजेच घरे ‘मोफत’ राहावीत, यासाठी तो आवश्यक मानला गेला. गर्दीची किंमत घराच्या किमतीत धरलेली नाही. ती पुढे दवाखान्यात भरावी लागते.

ही शेवटची गोष्ट केवळ अलंकारिक नाही. मुंबई नागरी परिवहन प्रकल्प २००२ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जाने हाती घेण्यात आला. लोकलगाड्या वाढाव्यात, नवे मार्ग टाकले जावेत, रस्ते रुंद व्हावेत, अंधेरी–बोरिवलीच्या आणि मुलुंड–घाटकोपरच्या प्रवाशाचा श्वास थोडा मोकळा व्हावा, हा त्याचा हेतू होता. तो स्तुत्यच म्हटला पाहिजे. त्यासाठी रुळांलगतच्या व रस्त्यांलगतच्या झोपड्यांतील सुमारे एक लाख लोकांना हलवावे लागले. जागतिक बँकेच्याच तपासणी मंडळाने तक्रारींची चौकशी करून पुनर्वसनातील गंभीर उणिवा दाखविल्या, आणि २००६ मध्ये बँकेने काही महिने त्या कामाचे अर्थसाहाय्य थांबविले. या लोकांपैकी बरेच जण मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहतींत गेले. गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड हीही प्रकल्पग्रस्तांचीच वसाहत. तेथील इमारती आठ-आठ मजली असून अनेक ठिकाणी दोहोंमधील अंतर तीन मीटरच्या आसपास आहे. खिडकी उघडली की समोरची भिंत. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो; मधल्या बोळात कचरा साचतो, म्हणून खिडकीही बंद ठेवावी लागते. २०१८ मध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेचा या वसाहतींविषयीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घरात येणारा उजेड व खेळती हवा यांचा क्षयरोगाशी संबंध असल्याचे त्यात दाखविण्यात आले. खालच्या मजल्यांवर रोगाचे प्रमाण अधिक होते. इमारतींमध्ये पुरेसे अंतर असलेल्या तुलनेच्या वसाहतीत ते पुष्कळ कमी आढळले.

टिळकांची ट्राम येथे खऱ्या अर्थाने येऊन पोहोचते. लोकलच्या लक्षावधी प्रवाशांचा प्रवास सुकर झाला, हे खरे. त्या सुखाची बेरीज प्रचंड आहे, आणि तिच्या शेजारी काही हजार कुटुंबांचा अंधार मांडला, तर बेंथॅमचा तराजू निःसंशय प्रवाशांच्या बाजूने झुकेल. पण या ठिकाणी तराजू वापरण्याचे कारणच नव्हते. गाड्या वाढविण्यासाठी झोपड्या हलविणे कदाचित अपरिहार्य असेल. हलविलेल्या माणसांच्या दोन इमारतींत तीनच मीटर अंतर ठेवणे अपरिहार्य नव्हते. प्रत्यक्षात टाळता येण्याजोगे दुःख अटळ दुःखाच्या खात्यावर लिहिले गेले. सार्वजनिक हिताच्या नावाने होणाऱ्या अन्यायाची ही नेहमीची रीत आहे. म्हणूनच प्रत्येक वेळी विचारावयाचा प्रश्न ‘किती लोक सुखी झाले’ हा नसून, ‘ज्यांना दुःख झाले त्यांचे कोणते दुःख टाळता आले असते’ हा असावयास हवा.

त्याच कुटुंबांच्या नव्या खर्चाचाही विचार त्रोटकच झाला. झोपडीत उद्‌वाहन नव्हते, पाण्याचा पंप नव्हता, जिन्यातला दिवा नव्हता. इमारतीत हे सर्व आले आणि त्याची बिलेही आली. नियमावलीने विकासकाकडून प्रत्येक घरामागे वीस हजार रुपयांची ठेव घेण्याची तरतूद केली, व तिच्या व्याजावर देखभाल भागेल असे धरले. उद्‌वाहन बंद पडल्यावर सातव्या मजल्यावरील वृद्धेस जे वाटते, ते त्या व्याजाच्या हिशेबात बसत नाही. पूर्वी दाराबाहेर बसून भाजी निवडणारी, पापड लाटणारी, शिवणाचे काम करणारी बाई आता बंद दाराआड तेच काम करते किंवा सोडून देते. ओटा गेला तसे गिऱ्हाईकही गेले.

प्रवासाचा वेळ हा उपनगरवासीयाच्या सुखाचा दुसरा मोठा घटक होय. उत्तर-दक्षिण रेल्वेने या वस्तीस जन्म दिला. पण पूर्व-पश्चिम मार्ग दीर्घकाळ दुबळा राहिला. घाटकोपरहून अंधेरीस जाणाऱ्याने एक तर बसमध्ये ताटकळावे किंवा दादरचा वळसा घ्यावा, अशी स्थिती होती. २०१४ च्या जूनमध्ये वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची मेट्रो सुरू झाली, तेव्हा या मार्गावरील माणसाच्या दिवसात जी भर पडली, ती कोणत्याही वेतनवाढीने पडली नसती. येथे धोरणाने सुख दिले, हे मोकळ्या मनाने मान्य करावे. त्याहून लहान, परंतु तितकेच अर्थपूर्ण उदाहरण ५ मे १९९२ चे आहे. त्या दिवशी चर्चगेट–बोरिवली ही केवळ स्त्रियांसाठीची पहिली लोकल धावली. त्यासाठी ना नवे रूळ टाकावे लागले, ना भूसंपादन करावे लागले, ना कोणाचे घर हलवावे लागले. वेळापत्रकातील एका ओळीने नोकरदार स्त्रियांना दिवसातून काही काळ निर्धास्तपणे बसण्याची, भाजी निवडण्याची, हळदीकुंकू करण्याची आणि डुलकी घेण्याचीही जागा मिळाली. मोठ्या प्रकल्पांच्या कौतुकात अशा स्वस्त धोरणांची नोंद राहून जाते.

वनाच्या बाबतीत मात्र सुखाविरुद्ध सुख असा पेच उभा राहतो. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. दहिसर, पोईसर, ओशिवरा व मिठी या नद्या त्याच परिसरातून उगम पावतात, आणि वारली आदिवासींचे पाडे तेथे व आरेत नांदत आले आहेत. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या आरे दुग्ध वसाहतीच्या भूमीत मेट्रोची कारशेड उभारण्यासाठी २०१९ च्या ऑक्टोबरात दोन हजारांहून अधिक झाडे तोडण्यात आली. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्यावर रातोरात हे काम उरकण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोड थांबविली, तेव्हा बरीचशी झाडे पडलेली होती. त्या मेट्रोचा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला, आणि तिचे प्रवासी सुखावले, यातही शंका नाही. हा वाद मेट्रो हवी की झाडे हवीत, असा मांडला गेला. तो तसा मांडणे हीच त्यातील लबाडी होती. खरा प्रश्न ठिकाणाचा व पद्धतीचा होता. ज्या निर्णयामागील युक्तिवाद भक्कम असतो, त्यास रात्रीची वेळ गाठावी लागत नाही. टिळकांनी बुद्धीच्या शुद्धतेवर दिलेला भर येथे अनपेक्षितपणे कामी येतो. संस्थेस बुद्धी नसली तरी वर्तन असते, आणि वर्तनावरून लोक तिची बुद्धी ताडतात.

मोकळ्या जागांविषयी थोडक्यातच लिहिणे पुरे. केंद्र शासनाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूत्रांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळ्या जागेची अपेक्षा आहे. मुंबईचा आकडा तिच्या आसपासही नाही, आणि उद्यान व मैदान म्हणून राखून ठेवलेल्या अनेक जागा तीन आराखडे उलटूनही लोकांच्या ताब्यात आलेल्या नाहीत. राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र हिशेबात धरून सरासरी वाढविता येते. पण घाटकोपरच्या टेकडीवरील मुलाने खेळावयास बोरिवलीच्या जंगलात जावे, असे कोणी गंभीरपणे म्हणणार नाही.

कार्ल पॉपर याने १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, शासनाने लोकांना सुखी करण्याच्या मागे न लागता टाळता येण्याजोगी दुःखे कमी करण्यास अग्रक्रम द्यावा, असे प्रतिपादन केले. सुखाच्या कल्पना माणसागणिक वेगळ्या. दुःखाच्या बाबतीत मात्र बहुतेकांचे एकमत असते. या भूमिकेवर तिच्या तत्त्वज्ञ टीकाकारांनी घेतलेले आक्षेप तर्कशुद्ध आहेत. केवळ दुःखनिवारण हे ध्येय मानल्यास १९९२ ची ती लोकल किंवा वसाहतीतील मैदान यांचे समर्थन अपुरे राहते, कारण तेथे केवळ दुःख टळले नाही, काही नवे उपजले. परंतु नगररचनेच्या नियमांपुरते बोलावयाचे, तर पॉपरची कसोटी बेंथॅमच्या कसोटीहून अधिक विश्वासार्ह आहे. ती सरासरीपाशी थांबत नाही, सर्वांत खालच्या मजल्यापर्यंत जाते. शिवाय तिला सुखाचा निर्देशांक लागत नाही. दोन इमारतींमधील अंतर, तळमजल्यावरील खोलीत दिवसा येणारा उजेड, घरापासून कामापर्यंतचा वेळ, संक्रमण शिबिरात काढलेली वर्षे आणि शाळेच्या वाटेवरील मैदान, या गोष्टी फुटपट्टीने व घड्याळाने मोजता येतात. त्यांसाठी प्रश्नावली भरून घेण्याचीही गरज नाही.

घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकरनगरात आज पुनर्वसनाचे मोठे काम चालू आहे, आणि उपनगरांतील मंडळाच्या जुन्या वसाहतीही एकामागून एक पुनर्विकासास निघाल्या आहेत. घराचे क्षेत्रफळ २२५ वरून ३०० चौरस फुटांवर गेले, ही वाढ प्रत्येक जाहिरातीत व प्रत्येक भाषणात सांगितली जाते. किमान घनता हेक्टरी ५०० वरून ६५० वर गेली, ही वाढ कोणत्याही भाषणात सांगितली जात नाही. दोन्ही आकडे एकाच नियमावलीत आहेत, आणि राहणाऱ्याच्या वाट्याला दोन्ही एकदमच येतात.